पिल्लांचा बाजार

सप्टेंबर २०१९. विधानसभेची निवडणूक तोंडावर आलेली. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची महाजनादेश यात्रा सांगली जिल्ह्यातून चालली होती आणि ताफ्याच्या दिशेने अंडी आणि कोंबड्या आल्या. रस्त्यावर ओतलेले दूध आणि फेकलेले कांदे-टोमॅटो महाराष्ट्राने पुष्कळ पाहिले आहेत. जिवंत कोंबडी हे निषेधाचे साधन मात्र नवे होते. त्यातही या कोंबड्या पिसांपासून पायांच्या नखांपर्यंत काळ्या होत्या. दोन वर्षांपूर्वी याच कोंबडीसाठी सांगली, सातारा, कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी सोने गहाण ठेवले होते, सोसायटीचे कर्ज काढले होते. आता ती फुकटही कुणी नेत नव्हते.

कडकनाथ प्रकरण महाराष्ट्राला ठाऊक आहे ते फसवणुकीचा गुन्हा म्हणून. इस्लामपूरच्या एका कंपनीने करार पद्धतीने कोंबड्या पाळायला दिल्या, परत घेण्याची हमी दिली, पैसे थकले, पोलिसांत तक्रारी झाल्या, राजकारण्यांनी एकमेकांवर आरोप केले. हे सारे खरे असले तरी त्याखाली बाजाराची एक गोष्ट आहे आणि ती एकट्या कडकनाथची नाही. तिच्या आधी इमू होता, बरोबरीने ससे होते. नेहमीच्या कोंबडी-मटणापलीकडच्या मांसाचा धंदा आपल्याकडे जेव्हा जेव्हा उसळला, तेव्हा त्यात मांस जवळजवळ विकलेच गेले नाही. विकली गेली ती पिल्ले.

ब्रॉयलरच्या सावलीत

हे का होते हे कळायला आधी नेहमीच्या कोंबडीकडे पाहावे लागते. २०२३-२४ मध्ये देशात १०२ लाख टनांहून जास्त मांस तयार झाले. त्यातले जवळपास निम्मे कोंबडीचे. पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशानंतर महाराष्ट्राचा क्रमांक तिसरा, वाटा सव्वाअकरा टक्क्यांच्या आसपास. या उद्योगाची एक राजधानी पुणे आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये उभी केलेली व्यंकटेश्वरा हॅचरीज पुण्याची, आणि १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने अंड्यांचे दर ठरवण्यासाठी स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समितीही त्याच घरातली.

ब्रॉयलरचे पिल्लू पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जाते. किलोभर वजन वाढवायला त्याला पावणेदोन किलोपेक्षा कमी खाद्य पुरते. कंपनी पिल्लू देते, खाद्य देते, डॉक्टर पाठवते, आणि लॉट तयार झाला की गाडी आणून उचलते. शेतकऱ्याला किलोमागे पाळणूक खर्च मिळतो. त्यात त्याची पिळवणूक होते की सोय, हा वाद जुना आहे. पण गाडी येते, कारण पुढे प्रत्येक गावात, प्रत्येक नाक्यावर चिकन सेंटर आहे आणि तिथे रोज गिऱ्हाईक उभे आहे.

या यंत्रापुढे दुसरा कुठलाही पक्षी वा प्राणी आणायचा तर तो स्वस्त पडणे अशक्य. मग तो वेगळा म्हणून विकावा लागतो. औषधी, कमी चरबीचा, ताकदीचा, गावरान, देशी. गावरानचा धंदा याच वाटेने वाढला. हॉटेलांच्या पाट्यांवर आज ‘गावरान’ लिहिलेले असते, त्यातले बरेच पक्षी डीपी क्रॉस किंवा सोनाली यांसारखे संकरित असतात. सोनाली हा तर बांगलादेशात तयार झालेला संकर, ऱ्होड आयलंड रेडचा नर आणि इजिप्तच्या फयूमी जातीची मादी यांचा. गिऱ्हाईक लाल तुरा आणि रंगीत पिसे पाहते, हाडाला चिकटलेले चिवट मांस दाताखाली येते, आणि ब्रॉयलरपेक्षा चढा दर द्यायला ते कुरकुरत नाही. इथे पाट्यांवरचे शब्द खरे-खोटे असतील, पण खाणारा खरा आहे. अंगणातल्या कोंबडीची चव त्याच्या जिभेवर पिढ्यांपासून आहे. नवा पक्षी आणणाऱ्याला ही सोय नसते.

काळ्या कोंबडीचे गणित

कडकनाथचे मूळ मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर आणि धार या जिल्ह्यांत. भिल्ल आणि भिलाला लोक तिला पाळत आले. मांस काळे म्हणून तिकडे तिला ‘कालीमासी’ही म्हणतात. दिवाळीनंतर देवीला तिचा बळी देण्याची चाल तिथे आहे. कातडी, हाडांवरचे आवरण, आतले अवयव, सगळ्यांत काळे रंगद्रव्य असते. असे पक्षी जगात आणखीही आहेत. चीनची सिल्की आणि इंडोनेशियाची अयम चेमानी या तिच्या प्रसिद्ध बहिणी. अंडे मात्र काळे नसते, फिक्या तपकिरी रंगाचे असते.

ही कोंबडी अंगणात परवडते. किडे, दाणे, खरकटे खाते, उन्हाळा सोसते, सहसा आजारी पडत नाही. सहा महिन्यांत सव्वा ते दीड किलोपर्यंत जाते आणि वर्षाला ऐंशी-शंभर अंडी देते. खुडूक बसण्यात ती आळशी, म्हणून तिची अंडी दुसऱ्या कोंबडीखाली किंवा यंत्रात ठेवावी लागतात. घरच्या पाच-दहा पक्ष्यांसाठी हे सारे ठीक. शेडमध्ये कोंडून विकतचे खाद्य घातले की हिशेब पालटतो. ब्रॉयलरचे चार लॉट निघतील तेवढ्या काळात कडकनाथचा एक निघतो, तोही निम्म्या-पाऊण वजनाचा.

म्हणजे दर तिपटी-चौपटीने जास्त हवा. त्यासाठी लागणारी कीर्ती आकड्यांनी मिळवून दिली. कडकनाथच्या मांसात प्रथिने पंचवीस टक्के, चरबी जेमतेम एक टक्का, आणि साध्या कोंबडीत चरबी तेरा ते पंचवीस टक्के, हा तक्ता गेल्या दहा-पंधरा वर्षांत हजारो पत्रकांवर छापला गेला. तक्त्यातली तुलना सरळ नाही. कोंबडीची चरबी मुख्यतः कातडीखाली असते. कातडी काढलेल्या ब्रॉयलरच्या छातीच्या मांसातही चरबी एक ते तीन-चार टक्क्यांच्या घरात असते आणि प्रथिने बावीस टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे तर चिकन बहुतेक घरांत कातडी काढूनच शिजते. शिवाय सहा महिने हिंडलेला पक्षी आणि पाच आठवडे बसून खाल्लेला पक्षी यांच्या मांसात फरक पडणारच, जात कुठलीही असो. कडकनाथचे मांस चांगले आहे यात शंका नाही. पण मधुमेहापासून दम्यापर्यंत ज्या ज्या दुखण्यांवर ते उपाय म्हणून सांगितले गेले, त्याला या तक्त्याचा आधार पुरत नाही.

तरीही भाव चढला. बहराच्या दिवसांत मांसाला किलोमागे आठशे-हजार रुपये आणि अंड्याला तीस-चाळीस रुपये सांगितले जात. मध्य प्रदेश सरकारने २०१८ मध्ये कडकनाथसाठी मोबाइल ॲप काढले. त्याच वर्षी मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्यात भौगोलिक मानांकनावरून चढाओढ झाली. छत्तीसगडमधल्या दंतेवाड्यातही कडकनाथ मोठ्या प्रमाणावर पाळली जात होती. मानांकन अखेर झाबुआला मिळाले. ते मिळाले ‘झाबुआ कडकनाथ ब्लॅक चिकन मीट’ या नावाने, म्हणजे मांसाला. महाराष्ट्रात मात्र तोवर या मांसाची ताटात फारशी ओळख नव्हती आणि पिल्लांसाठी रांगा लागल्या होत्या.

पश्चिम महाराष्ट्रातल्या योजनेचा साचा साधारण असा होता. शेतकऱ्याने पाऊण लाखाच्या आसपास रक्कम भरायची, त्यात दोनशे पिल्ले, खाद्य आणि औषधे मिळायची. पुढे कंपनी पक्षी आणि अंडी ठरल्या दराने परत घेणार आणि वर्षाकाठी गुंतवणुकीच्या तिप्पट-चौपट पैसे हातात पडणार. अंड्याला साठ रुपयांपर्यंत दर मिळेल असेही कुठे कुठे सांगितले गेले. हा दर अंडे खाणाऱ्याने कधीच दिला नसता. तो अंडे उबवणाऱ्याला परवडत होता, कारण त्यातून निघणारे पिल्लू पुढच्या शेतकऱ्याला विकायचे होते.

कागद-पेन्सिल घेऊन हे तपासता येते. दोनशे पिल्लांत शंभर माद्या धरू. प्रत्येकीची वर्षाला ऐंशी अंडी, म्हणजे आठ हजार. त्यातली साठ टक्के उबली तर ४,८०० पिल्ले. ती खपवायला दोनशे पिल्ले घेणारे २४ नवे शेतकरी हवेत. त्या २४ जणांकडे वर्षभराने तसेच घडले की ५७६ जण हवेत, आणि तिसऱ्या वर्षी १३,८२४. एका तालुक्यात इतके लोक मिळत नाहीत, म्हणून योजना शेजारच्या जिल्ह्यात जाते, मग शेजारच्या राज्यात. माणसे संपली की योजना संपते. त्या दिवशी शेडमध्ये असलेल्या पक्ष्यांना खाणारा कुणी शोधलेलाच नसतो. खाद्याचे पोते तर रोज फुटते.

कडकनाथची कीर्ती एवढ्याने संपली नाही. जानेवारी २०२१ मध्ये ती पुन्हा बातम्यांत आली. महेंद्रसिंग धोनीच्या रांचीतल्या फार्मसाठी झाबुआच्या एका पालकाकडे दोन हजार पिल्लांची मागणी नोंदवलेली होती. त्या पालकाकडे बर्ड फ्लू शिरला आणि पक्षी नष्ट करावे लागले. ही बातमीसुद्धा पिल्लांचीच होती.

चाळीस किलोचा पक्षी

कडकनाथच्या आधी दहा वर्षे हाच खेळ इमूने केला होता. ऑस्ट्रेलियाचा हा उडता न येणारा पक्षी पाच-साडेपाच फूट उंच होतो आणि त्याचे वजन चाळीस-पन्नास किलोपर्यंत जाते. अंडे गडद हिरवे, अर्ध्या किलोहून जड. मांस लाल, दिसायला मटणासारखे आणि चरबीने कमी. चरबीपासून तेल निघते, कातड्याचे चामडे होते, पिसेही विकता येतात. कागदावर काहीच वाया जात नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस तो आंध्र प्रदेशात आला आणि तिथून तमिळनाडू, महाराष्ट्र असा पसरला. पुणे, सातारा, नाशिकपासून विदर्भापर्यंत जाळीचे उंच कुंपण घातलेली इमू फार्म दिसू लागली.

याच पक्ष्याने अमेरिकेत काय केले होते हे त्या वेळी फार कुणी विचारले नाही. १९९०च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात टेक्सास आणि आसपासच्या राज्यांत इमूच्या प्रजननक्षम जोड्या हजारो डॉलरांना विकल्या गेल्या. घेणारा प्रत्येक जण पुढच्या घेणाऱ्याला पिल्ले विकायच्या तयारीत होता. दशक संपेपर्यंत भाव मातीमोल झाले आणि काहींनी पक्षी मोकळे सोडून दिले.

तमिळनाडूत ईरोड जिल्ह्यातले पेरुंदुराई हे या धंद्याचे केंद्र झाले. सुसी इमू फार्म्स या कंपनीची योजना अशी होती: दीड लाख रुपये भरा, सहा पिल्ले घ्या, ती सांभाळण्याचे दरमहा सहा हजार रुपये मिळवा, वर वार्षिक बोनस, आणि मुदतीअखेर मूळ रक्कम परत. चित्रपटातल्या नटांनी तिच्या जाहिराती केल्या. दीड लाखावर वर्षाला बहात्तर हजार मिळतात, ते कशाच्या विक्रीतून, हा प्रश्न ऑगस्ट २०१२ मध्ये आपोआप सुटला. कंपनी कोसळली, बारा हजारांच्या आसपास गुंतवणूकदार रस्त्यावर आले, आणि बेवारस झालेल्या उपाशी पक्ष्यांना खाद्य पुरवायची वेळ राज्याच्या पशुसंवर्धन खात्यावर आली. बँकांची कर्जे काढून स्वतःच्या जिवावर फार्म थाटलेले महाराष्ट्रातले लोक या योजनेत नव्हते. पण पिल्लांचा भाव पडला तसा त्यांचाही धंदा बसला.

इमूच्या मांसात दोष नव्हता. अडचण होती ती आकाराची. कोंबडी गिऱ्हाइकासमोर कापून संपते. बोकड कापला तर गावात सकाळच्या चार तासांत वाटे जातात, कारण मटण घेणारी घरे ठरलेली असतात. इमू कापला की पंचवीसेक किलो मांस एकदम समोर येते, घेणारा कुणी ठरलेला नाही, आणि साठवायला शीतगृह नाही. त्याच्यासाठी वेगळे कत्तलखाने जवळपास नव्हते. तेल काढून शुद्ध करणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पक्षी कापण्याजोगा व्हायला सव्वा-दीड वर्ष, अंड्यावर यायला दीड-दोन वर्षे. तोवर तो रोज खातो आणि त्याला ताब्यात ठेवायला दोन माणसे लागतात, कारण त्याची लाथ साधी नसते. एप्रिल २०२२ मध्ये उत्तर बंगालात जलपायगुडीच्या जंगलालगत इमू फिरताना सापडले, तेव्हा वनखात्यालाही ते कुठून आले याचा माग काढावा लागला.

सशाची गोष्ट याहून लहान आणि तशीच. ससीण महिन्याने विते, एका वेळी सहा-आठ पिल्ले देते आणि ती तीन महिन्यांत दोन किलोची होतात. म्हणजे पिल्लांचा बाजार भरवायला याहून सोयीचा प्राणी नाही. रानातला ससा कायद्याने संरक्षित आहे, पाळीव परदेशी जाती खायला मुभा आहे. केरळात त्याचे गिऱ्हाईक आहे. महाराष्ट्रात ज्या घरात रानातल्या सशाचे कालवण आवडीने खाल्ले जाई, त्याच घरातली मुले पिंजऱ्यातल्या पांढऱ्या सशाला नाव ठेवतात. सशांच्या करार योजनांवरूनही पश्चिम महाराष्ट्रात तक्रारी झाल्या.

लाव्यांनी तग धरला

मग या यादीत टिकले कोण? लावे. हिंदीत बटेर, तमिळमध्ये काडै.

रानातले लावे आणि तितर महाराष्ट्रात खूप खाल्ले जात. घोड्याच्या केसांचे आणि दोऱ्यांचे फासे लावून ते पकडण्यात फासेपारध्यांचा हात कुणी धरला नसेल. आठवडी बाजारात टोपलीतून ते विकायला येत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा व्यापार बेकायदा झाला, चोरून मात्र चालत राहिला. खाणारा होता, चव ठाऊक होती, पुरवठा उघडपणे करता येत नव्हता. या पोकळीत जपानी लावा आला. बरेलीजवळच्या इज्जतनगर इथे संशोधनासाठी १९७४ मध्ये तो कॅलिफोर्नियातून आणला गेला आणि तिथून पाळीव पक्षी म्हणून देशभर गेला.

त्याचे वेळापत्रक ब्रॉयलरलाही मागे टाकते. अंडे सतरा-अठरा दिवसांत उबते. पाच आठवड्यांत पक्षी पावणेदोनशे-दोनशे ग्रॅमचा होऊन कापायला तयार. सहा-सात आठवड्यांत मादी अंड्यावर येते आणि वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते, दहा-बारा ग्रॅमची, ठिपकेदार. एका कोंबडीच्या जागेत आठ-दहा पक्षी राहतात. एक पक्षी म्हणजे एका माणसाचा एक पदार्थ, त्यामुळे उरण्याचा आणि साठवण्याचा प्रश्न नाही. ढाबेवाला सकाळी तीस मागवतो, रात्री संपवतो.

या धंद्यालाही एक धक्का बसला. २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जपानी लाव्यालाही वन्यजीव कायद्याच्या कक्षेत धरून नवे परवाने थांबवायला सांगितले. पाळीव आणि रानटी लावा यांच्यात गफलत होते, पाळीवच्या नावाखाली रानातला विकला जातो, अशी भीती त्यामागे होती. लाखो पक्षी शेडमध्ये असलेल्या दक्षिणेतल्या उत्पादकांनी आणि पशुवैद्यकीय विद्यापीठांनी हा विषय लावून धरला. काही वर्षांत बंधन उठले आणि धंदा पुन्हा उभा राहिला. त्याचा पाया तमिळनाडूत होता. चेन्नईच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने नंदनम नावाची स्वतःची जात काढली होती आणि परोट्याच्या दुकानात काडै फ्राय मागणारी माणसे रोज येत होती. महाराष्ट्रात लावा अजून महामार्गावरच्या हॉटेलांत आणि शहरांतल्या सुपरमार्केटमध्ये डझनभर अंड्यांच्या डबीत एवढाच दिसतो. छोटा धंदा आहे, पण त्यात पिल्लांपेक्षा पक्षी जास्त विकले जातात.

गोव्यातले दोन बाजार

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोरिसांच्या माळा टांगलेल्या असतात. डुकराचे मांस आणि चरबीचे तुकडे, मिरची, लसूण, मसाला आणि माडीचा व्हिनेगर यांत मुरवून आतड्यात भरायचे, गाठी मारायच्या आणि उन्हात किंवा धुराने सुकवायचे. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी घरात जी बेगमी करायची, त्या पुरुमेताचा हा एक भाग. आता चोरिस-पाव वर्षभर गाड्यांवर मिळतो आणि पर्यटक तो शोधत येतात. घाटावरच्या महाराष्ट्रात डुकराचे मांस जातीच्या आणि घृणेच्या भिंतीमागे राहिले. वसई-वांद्र्याचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती किंवा गावोगावचे वडार, कैकाडी सोडले तर त्याला उघडे गिऱ्हाईक नाही. गोव्यात ते सणाचे अन्न आहे.

म्हणून इथे प्रश्न उलटा आहे. खाणारा भरपूर आहे, पाळणारा कमी होतो आहे. घरामागची डुकरे पाळणे शौचालये पक्की झाल्यावर आणि जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर मागे पडले. देशभरातच डुकरांची संख्या घटली आहे. २०१२च्या पशुगणनेत ती एक कोटीच्या वर होती, २०१९ मध्ये सुमारे नव्वद लाख उरली. गोव्याच्या काळ्या, बुटक्या स्थानिक डुकराला ‘अगोंदा गोवन’ या नावाने देशी जात म्हणून नोंद मिळाली आहे, आणि जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत तिच्यावर आणि तिच्या संकरांवर काम चालते. चोरिसांसाठी तिचे मांस चांगले असे जुनी माणसे सांगतात. ते खरे ठरून तिला चढा भाव मिळाला, तर पाळणाऱ्याला पिल्लू विकण्याची घाई करावी लागणार नाही.

गोव्याचा दुसरा बाजार जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री भरतो आणि तो अंधारातच राहतो. शेतांत बेडूक बाहेर पडतात आणि टॉर्च घेतलेली माणसे पोती घेऊन निघतात. मोठ्या बेडकाच्या तंगड्यांना हॉटेलांच्या भाषेत ‘जंपिंग चिकन’ म्हणतात. बेडूक वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. पकडणे, विकणे, खाणे, तिन्ही गुन्हे. एकेकाळी भारत बेडकांच्या तंगड्यांचा मोठा निर्यातदार होता. भातशेतीत किडी वाढल्या, बेडकांची संख्या घसरली आणि १९८७ मध्ये निर्यातीवर बंदी आली. वनखाते दर पावसाळ्यात गस्त घालते, पर्यावरणवादी तरुण रात्री शेतांवर पहारा देतात, तरी मागणी पुरती मेलेली नाही.

यादीत नाव असणे

काय खावे हे समाज ठरवतो, काय विकावे हे अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाची नियमावली ठरवते. तिच्यातल्या यादीत मेंढी, शेळी, डुक्कर, गाय-म्हैस वर्ग, पाळीव ससा, कोंबडीवर्गीय पक्षी आणि मासे आहेत. अलीकडे त्यात दोन नावे वाढली. २०२२ मध्ये याक आणि २०२३ मध्ये मिथुन. ईशान्येतल्या लोकांनी हे प्राणी शतकानुशतके खाल्ले आहेत. यादीत नाव आल्यामुळे परवानाधारक कत्तल, प्रक्रिया, पाकिटबंद विक्री आणि बँकेचे कर्ज यांचे दार उघडते. याकवर अरुणाचलातल्या दिरांगची संस्था आणि मिथुनवर नागालँडमधल्या मेदझिफेमाची संस्था संशोधन करतात. याकची संख्या घटते आहे, कारण उंच डोंगरांवर ऋतूंप्रमाणे फिरण्याचे कष्ट नव्या पिढीला नको आहेत. खाणारा नक्की, कायदा अनुकूल, पाळणारा थकलेला, अशी तिथली अवस्था.

यादी आणि ताट यांचे नेहमी जुळतेच असे नाही. नागालँड सरकारने जुलै २०२० मध्ये, यादीत नसलेल्या पण तिथे खाल्ल्या जाणाऱ्या कुत्र्याच्या मांसाच्या व्यापारावर बंदी घातली. जून २०२३ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या कोहिमा खंडपीठाने ती रद्द केली.

जेजुरी ते बापटला

पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. वडार, कैकाडी, बेलदार, कुंभार, अशा ज्यांच्या धंद्यात ओझे वाहावे लागते त्या जमाती इथे येतात. दात पाहून वय ठरते. दुवान, चौवान, कोरा, अखंड, असे दर्जे पुकारले जातात. काठेवाडी जनावराला गावठीपेक्षा कितीतरी जास्त भाव. वीटभट्ट्यांवर ट्रॅक्टर आले, डोंगरी बांधकामावर यंत्रे पोचली, तसा बाजार आकसत गेला. २०१२ मध्ये देशात तीन लाखांच्या वर गाढवे होती, २०१९ मध्ये सव्वा लाखही राहिली नाहीत. घट ६१ टक्के. महाराष्ट्रात ती ४० टक्क्यांच्या जवळ.

यंत्रे हे या घटीचे एक कारण. दुसरे कारण आंध्राच्या किनारपट्टीवर आहे. बापटला, प्रकाशम, गुंटूर, कृष्णा या जिल्ह्यांत गाढवाचे मांस खाल्ल्याने ताकद येते, पाठदुखी आणि दमा जातो, असा समज आहे. मांस नियमावलीच्या यादीत नसूनही चोरून विकले जाते, आणि आंध्रात गाढवे उरली नाहीत म्हणून महाराष्ट्र, राजस्थान, कर्नाटकातून आणली जातात. कातड्यासाठी चीनची मागणी वेगळीच. तिथे त्यापासून ‘एजियाओ’ नावाचे औषधी जिलेटिन बनवतात. ब्रुक इंडिया या संस्थेने २०२२ मध्ये या छुप्या व्यापाराचा माग काढणारा अहवाल प्रसिद्ध केला.

गाढवाची गत कडकनाथच्या नेमकी उलटी. गाढवीण वर्षभर गाभण असते आणि एकच पिल्लू देते, म्हणून तिचा पिल्लांचा बाजार भरत नाही. गिऱ्हाईक वाढले की कळपच खाऊन संपतात. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव आणि उंट यांच्या पैदाशीसाठी पन्नास टक्के, कमाल पन्नास लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदान जाहीर केले. जाती वाचवण्यासाठी हे पाऊल गरजेचे होते. पण ज्याला अनुदान घेऊन गाढवे पाळायची आहेत, त्याने ती विकायची कुणाला याचे उत्तर अनुदानात नाही. मांसाला कायदा नाही, ओझ्याला गिऱ्हाईक नाही. उरले दूध.

गाढविणीचे दूध बाळांना चमचाभर देण्याची चाल महाराष्ट्रातही होती. गल्लीतून गाढवीण फिरवून ‘जागेवर काढून’ ते विकले जाई. त्याला साबण आणि सौंदर्यप्रसाधनांची जोड मिळाली, समाजमाध्यमांवर हजारो रुपये लिटरचे भाव फिरू लागले, आणि दक्षिणेत फ्रँचायझी निघाल्या. पुन्हा तोच साचा: लाखो रुपये भरून गाढविणी घ्या, दूध आम्ही ठरल्या दराने उचलू. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेलंगण, आंध्र, कर्नाटक आणि तमिळनाडूतले शेतकरी हैदराबादेत पत्रकारांसमोर बसले आणि तमिळनाडूतल्या एका कंपनीवर शंभर कोटींच्या फसवणुकीचा आरोप केला. सुरुवातीचे काही महिने दुधाचे पैसे मिळाले, मग थांबले, असे त्यांचे म्हणणे होते. गाढविणी त्यांच्या गोठ्यात होत्या, दूधही येत होते, आणि ते घ्यायला जवळपास कुणी गिऱ्हाईक नव्हते.